दारावरचा कॅमेरा आणि समोरच्यांचा हॉल

दुसरा_मजला: दारावर २.८ मिमी लेन्सचा डोम कॅमेरा आहे, डीव्हीआरला (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याला) जोडलेला. पॅसेज अरुंद, समोरच्या काकूंचं दार उघडलं की त्यांचा हॉल दिसतो. '६६ई लागतं' असा अर्ज त्यांनी कमिटीकडे दिलाय. कॅमेरा काढावाच लागेल का? मोशन डिटेक्शन (हालचाल दिसली की अलर्ट देणं) त्यांच्या दारापुरतं बंद केलं तर चालेल?

तारजोड: मोशनचा उपयोग नाही. अलर्ट थांबेल, पण रेकॉर्डिंग चोवीस तास असेल तर हॉल हार्ड डिस्कवर जातोच. हवा तो प्रायव्हसी मास्क, म्हणजे चित्राचा ठरावीक भाग झाकणारा काळा चौकोन. काही डीव्हीआरमध्ये प्रिव्ह्यू आणि रेकॉर्ड अशा दोन वेगळ्या टिक असतात. दुसरी राहून गेली तर स्क्रीनवर काळं दिसतं आणि प्लेबॅकमध्ये सगळं उघडं. म्हणून प्लेबॅक लावून खात्री करा. शिवाय मास्क फ्रेमला चिकटलेला असतो, दाराला नाही. जळमटं काढताना डोम जरा फिरला की काळा चौकोन भिंतीवर आणि दार मोकळं.

त्यापेक्षा लेन्स बदला. २.८ मिमी साधारण १०० अंश बघते, ६ मिमी निम्मंच. कॅमेरा बाजूच्या भिंतीवर घेऊन तोंड खाली, आपल्या पायपुसण्याकडे करा. भिंत फार जवळ नको, रात्री कॅमेऱ्याचा आयआर (डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड) उजेड तिच्यावरून परत येतो आणि चित्र पांढरं पडतं. माइक बंदच ठेवा, पॅसेजमधल्या गप्पा कशाला हव्यात?

कलमवाला: ६६ई सगळेच फेकतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम संमतीशिवाय शरीराच्या खाजगी भागाचं चित्र टिपण्या-पसरवण्याबद्दल आहे. पॅसेजमधली ये-जा त्यात बसत नाही. पण म्हणून निर्धास्त राहू नका. घरात, कोणी बघत नाही अशा भरवशावर असलेल्या स्त्रीचे खाजगी क्षण टिपले गेले तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे, पहिल्याच गुन्ह्याला किमान १ वर्ष कैद. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात सांगितलंच आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात व्यक्तीच्या घरगुती वापराला सूट आहे, मात्र ती या कलमांपासून वाचवत नाही. काढावाच लागेल असं नाही, पण पॅसेज सोसायटीचा, तेव्हा कमिटीची लेखी परवानगी घ्या. अर्जाला नव्या फ्रेमचा प्रिंट जोडा, निम्मा वाद तिथेच मिटतो.

दुसरा_मजला: लेन्स बदलतो. उद्या चोरी झालीच तर क्लिप पोलिसांना व्हॉट्सॲपवर पाठवली की पुरे?

कलमवाला: तपासाला मदत होईल, कोर्टात अडेल. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यामुळे हॅश, म्हणजे फाइलचा आकडे-अक्षरांतला ठसा, बदलतो. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं: भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि हॅश त्यात लिहावा लागतो. जुन्या कायद्यातल्या ६५ब प्रमाणपत्राची सक्ती २०२० मध्ये पक्की झाली, तीही जालन्याच्या निवडणूक खटल्यातल्या व्हिडिओवरून.

तारजोड: क्लिप डीव्हीआरच्या मूळ फॉरमॅटमध्येच पेनड्राइव्हवर घ्या. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयूटिल (certutil) ही कमांड वापरून एसएचए-२५६ प्रकारचा हॅश काढता येतो. उशीर नको: २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) रेकॉर्डिंगला एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१ जीबी खातो, म्हणजे चार कॅमेरे असले तर १ टीबी ११-१२ दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जातं. डीव्हीआरचं घड्याळही बघून ठेवा. आतला सेल संपला की वीज गेल्यावर तारीख भलतीच दाखवतो, आणि समोरचा वकील आधी तिथेच बोट ठेवतो.