नीटनंतर एमसीसी आणि डीएमई, दोन्हीकडे फॉर्म भरायचा का?

सुदामानगर_इंदूर
मुलीचा नीटचा, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेचा निकाल आला. दहावी-बारावी इंदूरचीच, सीबीएसई. इथलं एमजीएम मेडिकल कॉलेज मिळावं ही इच्छा. पण एमसीसी (केंद्राची मेडिकल प्रवेश समिती) वेगळं आणि भोपाळचं डीएमई (राज्याचं वैद्यकीय शिक्षण संचालनालय) वेगळं, हे काही नीट कळत नाहीये. दोन्हीकडे पैसे भरायचे का? आणि आम्ही घरी मराठी बोलतो, आजोळ पुण्याचं, तर महाराष्ट्राच्या कोट्यात काही जमेल का?

मल्हार_आश्रम
ताई, दोन्हीकडे भरा. एमजीएम सरकारी कॉलेज आहे, त्याच्या १५ टक्के जागा एमसीसी देशभरातून भरते, बाकीच्या राज्याच्या, म्हणजे डीएमईच्या. डीएमईचा रस्ता मूल निवासी, म्हणजे मध्य प्रदेशचे कायम रहिवासी असलेल्यांसाठी, आणि तिथेच मुलीला जास्त संधी आहे. मध्य प्रदेशातली खाजगी कॉलेजंही डीएमईकडेच. एम्स आणि डीम्ड (अभिमत विद्यापीठांची) कॉलेजं मात्र फक्त एमसीसीकडे.

एमसीसीत जनरलला १,००० रुपये फी, ती परत मिळत नाही, आणि १०,००० डिपॉझिट. डीम्डला टिक केलं की डिपॉझिट थेट २ लाख, तेव्हा गरज नसेल तर तो खाना सोडा. पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत येतात. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या कियोस्कवाल्याच्या कार्डानं भरलेत तर नंतर त्याच्या मागे फिरावं लागेल.

खरी गफलत फेऱ्यांमध्ये होते. एमसीसीच्या पहिल्या फेरीत सीट मिळाली आणि गेलं नाही तरी डिपॉझिट सुरक्षित. दुसऱ्या फेरीपासून सीट नाकारली की डिपॉझिट जातं. तिसऱ्या फेरीत मिळालेली सीट घेतली नाही, तर पुढच्या फेरीतही बसता येत नाही. पहिल्या फेरीत जॉइन करताना अपग्रेडला (पुढच्या फेरीत यादीतलं वरचं कॉलेज मिळण्याला) 'हो' म्हटलंत आणि दुसऱ्या फेरीत नवी सीट आली, की जुनी आपोआप रद्द होते. दोन्ही हातात ठेवता येत नाहीत. डीएमईचे सीट सोडायचे नियम वेगळे आहेत, ते त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतच वाचा, कोचिंगवाल्याच्या व्हॉट्सॲपवर नको.

महाराष्ट्राचं म्हणाल, तर तिथल्या ८५ टक्क्यांसाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, वर डोमिसाइल, म्हणजे तिथला रहिवासी दाखला. घरात कुठली भाषा बोलता याचा संबंध नाही. पुण्याचं सरकारी कॉलेज हवं असेल तर तेही एमसीसीच्याच १५ टक्क्यांतून.

लश्कर_ग्वाल्हेर
कागदपत्रांचं आत्ताच बघा. मूल निवासी प्रमाणपत्र तहसीलमधून, लोकसेवा केंद्रात अर्ज करून. ओबीसी असाल तर एमसीसीला केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमीलेअर दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल गटाचा) दाखला चालू आर्थिक वर्षाचाच. आणि नीटच्या फॉर्मवर लावला होता तोच फोटो, आठ-दहा प्रती.

सुदामानगर_इंदूर
दादा, खूप मदत झाली. फॉर्ममध्ये कॉलेजांची यादी (चॉइस) भरताना आधी मिळण्यासारखी कॉलेजं टाकू की आवडीची?

मल्हार_आश्रम
आवडीची. यादी वरून खाली तपासली जाते, मेरिटवर जी पहिली मोकळी सापडेल ती सीट मिळते. एमजीएम वर टाकल्यानं खालचं कॉलेज हातचं जात नाही. उलट सोपं कॉलेज वर ठेवलंत तर तेच गळ्यात पडेल. जिथे खरंच जायचं नाही ते यादीत घालूच नका, विशेषतः दुसऱ्या फेरीपासून. आणि लॉक स्वतः करून प्रिंट काढा. मुदत संपल्यावर सिस्टम आपोआप लॉक करते, मग क्रम बदलता येत नाही.

लश्कर_ग्वाल्हेर
एक राहिलं. जॉइन केलेली सीट सोडायची असेल तर राजीनामा कॉलेजनं एमसीसीच्या पोर्टलवरूनच काढायला हवा. नुसत्या हातच्या चिठ्ठीवर सीट सुटत नाही, आणि राज्याच्या पुढच्या फेरीत नाव अडकतं.