सोसायटी ग्रुप: सासूबाईंचं ऑपरेशन आणि लिग्नोकेन

नीलिमा (बी-४०२): सॉरी, ग्रुपवरच विचारतेय. सासूबाईंचं गुरुवारी मोठ्या आतड्याचं ऑपरेशन आहे, दुर्बिणीतून. भूलतज्ज्ञ म्हणाले, दुखू नये म्हणून लिग्नोकेन शिरेतून चालू ठेवू. हे दाताला देतात तेच ना?

जोशीकाका (ए-१०१): तेच, झायलोकेन. १९४३ साली स्वीडनमध्ये बनवलं. परवाच फॉरवर्ड आलाय: हे सलाईन लावा, दुखणं गायब, दुसऱ्या दिवशी वरण-भात. टाकतो.

डॉ. मुग्धा (सी-३०३): काका, नका टाकू 🙏
नीलिमाताई, औषध तेच, वापर वेगळा. दाताशी टोचलं की तिथली नस बधिर होते. शिरेतून थोडं थोडं दिलं तर कुठलाच भाग बधिर होत नाही, दुखणं जरा कमी जाणवतं. मॉर्फिनसारखी औषधं कमी लागावीत हा हेतू, कारण त्यांनी आतडी सुस्तावतात. म्हणून तर सर्जन राउंडला आल्या आल्या विचारतात, गॅस पास झाला का?

जोशीकाका: म्हणजे फॉरवर्ड बरोबरच की!

डॉ. मुग्धा: छे. ब्रिटनमध्ये नेमक्या याच प्रकारच्या ऑपरेशनवर मोठी चाचणी झाली. ७२ तासांत आतडी मार्गी लागलेले पेशंट लिग्नोकेनवाल्यांत सुमारे ५७ टक्के, नुसतं सलाईन दिलेल्यांत ५९. दुखण्याचंही तसंच, २०१८ मध्ये ६८ चाचण्या एकत्र तपासल्या तरी ठाम फायदा म्हणता आला नाही.

अमोल (सी-१०४): गेटसमोर पांढरी गाडी कुणाची? पाण्याचा टँकर अडकलाय.

नीलिमा: मग नको म्हणू का?

डॉ. मुग्धा: नको कशाला? अनुभवी भूलतज्ज्ञ सुचवत असतील तर ठीक आहे. फक्त माप पाळायला हवं. किलोमागे तासाला दीड मिलिग्रॅमच्या वर नाही, तेही प्रमाणित वजन, म्हणजे उंचीप्रमाणे असायला हवं ते, धरून. ६० किलोला ९० मिलिग्रॅम. साधारण २४ तासांच्या आत बंद. पंपावर देणार का, मॉनिटर राहील ना, हे विचारा. पोटाला ब्लॉक, म्हणजे तिथल्या नसा बधिर करणारं इंजेक्शन, देणार असतील तर तेही विचारा, दोन्ही एकाच वेळी देत नाहीत.

शैलाताई (ए-३०२): माझ्या वहिनीच्या पाठीत नळी घातली होती, ती बरी ना?

डॉ. मुग्धा: ती मोठा छेद घेतात तेव्हा जास्त उपयोगी. दुर्बिणीला सहसा लागत नाही.
आणि ताई, महत्त्वाचं: ओठांभोवती मुंग्या, कानात गुंई, तोंडात लोखंडासारखी चव असं काही वाटलं तर सिस्टरला लगेच सांगायचं. प्रमाण वाढल्याची ती पहिली खूण. पुढे फिट येऊ शकते, ठोके बिघडतात. 'उगाच कशाला त्रास द्यायचा' म्हणून गप्प बसणाऱ्या असतील तर आत्ताच बजावून ठेवा.

नीलिमा: अगदी तशाच आहेत 😅 बाकी ठोके चुकतात म्हणून एक गोळी चालू आहे.

डॉ. मुग्धा: कुठली? भूलतज्ज्ञांना माहीत आहे?

नीलिमा: नाव आठवत नाही. हृदयाची फाईल वेगळी आहे, ती नेलीच नव्हती.

डॉ. मुग्धा: उद्याच न्या. अशा काही गोळ्यांमुळे लिग्नोकेन शरीरातून सावकाश बाहेर पडतं. मग मापच बदलेल, किंवा ते देणारही नाहीत.

नीलिमा: ओपीडी दहाला आहे. फाईल यांच्या कपाटात आहे, काढायला सांगते.