सहलीत तीन दिवस 'अनाथाश्रम सेवा': जावं की नाही?

घोडबंदरवासी

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवाळीच्या सुट्टीची एक जाहिरात फिरतेय. काठमांडू, पोखरा, चितवन आणि मध्ये तीन दिवस काठमांडूतल्या एका बालगृहात 'सेवा'. माणशी सव्वा लाख, शेवटी प्रमाणपत्र. बारावीतली मुलं असलेल्या घरांतून उड्या पडल्यात, कारण परदेशी विद्यापीठाच्या अर्जात ते लिहिता येतं.

माझं म्हणणं: सहल खुशाल करा, ते तीन दिवस तेवढे वगळा. नेपाळमध्ये 1996 ते 2006 यादवी चालू होती. तेव्हा हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी मुलं आणली. आईबापांना सांगितलं, शहरात शिकवतो, आणि त्यासाठी पैसेही घेतले. काठमांडूत पोचेपर्यंत कित्येकांचे आईबाप कागदोपत्री मेलेले होते. यादवी संपली, पर्यटक वाढले, मुलांची मागणी तशीच राहिली. तिथली बहुतेक बालगृहं आजही काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या जिल्ह्यांतच आहेत. सगळी अनाथ मुलं नेमकी हॉटेलांच्या आसपासच कशी सापडतात?

कंबोडियातली कथा वेगळी नाही. तिथल्या संस्थांमधल्या चारांपैकी सुमारे तीन मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं युनिसेफ वर्षानुवर्षं सांगतंय. अशा भेटींमधून मुलांची तस्करी होऊ शकते, हे 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरावात नोंदवलं. म्हणजे हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही.

नौपाड्याची

माझा मुलगा जातोय, पैसे भरून झालेत. तेव्हा मी कुठल्या बाजूची ते आधीच कळू दे.

आमची पोरं एसी गाडीतून शाळेत, एसी गाडीतून क्लासला. घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी कुठे राहतात ते माहीत नाही. तीन दिवस वेगळं काही बघितलं, चार मुलांना गणित शिकवलं, तर बिघडलं कुठे? तोच मुलगा थायलंडला लोळायला गेला असता तर कोणी धागा काढला नसता. काही करायला निघालं की मात्र सगळे भिंग घेऊन बसतात.

तुर्भेकर

गणित शिकवायचंय ना? आमच्याकडे दगडखाणींच्या वस्तीत या. एनएमएमटी बसच्या तिकिटात काम होतं. फक्त मागे बर्फाचे डोंगर दिसत नाहीत, तेवढं चालवून घ्या.

नौपाड्याची

टोमणे मारणं सोपं असतं. तुम्ही स्वतः किती वेळा शिकवायला गेलात?

तुर्भेकर

मी त्याच वस्तीत वाढलो ताई. शिकवायला यायचे लोक. डिसेंबरात यायचे, जानेवारीत गायब.

वाशीचा_दातवाला

सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपानंतर मी एका वैद्यकीय पथकाबरोबर नेपाळला गेलो होतो. दुखणारा दात काढला की काढला, त्यात मुलाचं काय नुकसान? बाहेरून मदत आलीच नसती तर काय झालं असतं, हेही बोला. आणि या बालगृहांना पर्यटकांकडूनच पैसा मिळतो. उद्या जाणं बंद केलं तर आत्ता तिथे असलेली मुलं जेवणार काय? दलालाचा राग पोरांच्या ताटावर काढल्यासारखं होईल ते.

घोडबंदरवासी

डॉक्टर, तुमच्याकडे हातात कला होती, शिवाय तिथल्या दवाखान्यांना माणसं कमी पडत होती. बारावीच्या मुलाकडे काय आहे? त्याला ठाण्यातल्या शाळेत कोणी शिकवायला उभं करेल का? नाही. मग काठमांडूतली मुलं त्याच्यावर कशी सोपवायची?

ताटाचा मुद्दा मात्र खरा आहे, त्याला माझ्याकडे झटपट उत्तर नाही.

कमलिनी_नेरूळ

एरवी मी नुसती वाचते, आज राहवलं नाही. नवी मुंबईतल्या एका बालगृहात मी बरीच वर्षं अधीक्षिका होते. नाव सांगणार नाही.

आमच्याकडे पाहुण्यांचा हंगाम असायचा. पितृपक्षात जेवण घालायला नंबर लागायचे, वहीत तारखा लिहून द्याव्या लागत. 15 ऑगस्ट, दिवाळी, 31 डिसेंबर. रविवारी कधीकधी एका दिवसात तीन वाढदिवस, तीन केक. मुलं तिसऱ्या केकलासुद्धा तेवढ्याच जोरात टाळ्या वाजवायची, कारण त्यांना ते जमायला लागलं होतं. मे महिन्यात, शाळेची फी भरायच्या वेळी, एकाचा फोन नाही.

एक मुलगी होती, पाचेक वर्षांची. गेटातून कोणीही बाई आत आली की धावत जाऊन तिचा हात धरायची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून ठेवायची आणि विचारायची, "ताई, तू राहणारेस ना?" पाहुण्यांचे डोळे भरून यायचे. म्हणायचे, किती माया लावते हो पोर. मला ते बघवायचं नाही. आईजवळ वाढलेलं मूल अनोळखी माणसाला आधी बुजतं, आईच्या मागे लपतं. कोणाच्याही मागे जाणाऱ्या मुलाला आपलं माणूस कोण तेच कळेनासं झालेलं असतं. पाहुणे गेले की ही रात्री अंथरूण ओलं करायची. सोमवारी चादरी धुवायला आमच्या मावशी.

रोमानियात याचा रीतसर अभ्यास झाला आहे. 2000 च्या सुमारास बुखारेस्टच्या संस्थांमधल्या 136 लहान मुलांपैकी निम्म्यांना मुलं सांभाळणाऱ्या चांगल्या कुटुंबांत ठेवलं आणि पुढे वर्षानुवर्षं दोन्ही गटांकडे लक्ष ठेवलं. कुटुंबात गेलेली मुलं जास्त सावरली, त्यातही लहान वयात गेलेली. मुलाला लागतं रोज तेच एक माणूस. दर आठवड्याला नवा दादा, नवी ताई, हे त्याच्या अगदी उलट.

आणखी एक. आपल्याकडे बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलांची ओळख पटेल असा फोटो छापणं, दाखवणं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या जाहिरातीत मुलांचे चेहरे आहेत का, बघा.

घोडबंदरवासी

आहेत. सात-आठ मुलं, हसरी, मांडीवर घेतलेली.

मु_पो_खारघर

थोडं विषयांतर. पंडिता रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या, गावोगाव व्याख्यानं दिली, तिथल्या लोकांनी मदतीसाठी बोस्टनमध्ये मंडळ काढलं आणि 1889 मध्ये रमाबाईंनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडलं. पैसा परदेशातून आला, पण देणारे आठ दिवसांसाठी विधवा मुली बघायला बोटीने आले नाहीत. पुढे रमाबाईंच्याच मुक्ती मिशन या आश्रमात परदेशी बायका कामाला आल्या, त्या वर्षानुवर्षं राहिल्या. (धर्मांतरावर नवा धागा काढा, इथे नको.)

नौपाड्याची

कमलिनीताई, तुमचं वाचून गलबलले, खोटं कशाला बोलू. तरी एक विचारते. पाहुणे नकोत, फोटो नकोत, हौशी शिक्षक नकोत. मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? घरी बसून क्यूआर कोड स्कॅन? त्याने माझ्या मुलाला काय कळणार? आणि ठाण्यात रस्त्यावरच्या मुलांसाठी काढलेल्या सिग्नल शाळेचं कौतुक आपण सगळे करतोच ना, तिथे नसतील का गेले पाहुणे फोटो काढायला?

तुर्भेकर

सिग्नल शाळा 2016 ला तीन हात नाक्याच्या पुलाखाली सुरू झाली ती मुलांचे आईबाप तिथेच राहायचे म्हणून. शाळा सुटली की पोरं आईकडे. मुलांना घरापासून तोडून आणलं नव्हतं. पाहुणे काय, सगळीकडेच येतात.

कमलिनी_नेरूळ

नौपाड्याची, सांगते. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत मूल स्वतःच्या घरीच राहावं म्हणून गरजू कुटुंबाला महिना 4000 रुपये देतात. वर्षाचे झाले 48,000. तुमच्या सव्वा लाखात एक मूल अडीच वर्षं आईजवळ राहिलं असतं. पुष्कळ मुलं आमच्याकडे यायची ती नुसत्या गरिबीने, आई असून.

आणि मुलाला कळायलाच हवं असेल तर मुलांच्या अंगाखांद्यावर नको, ऑफिसात बसवा. आमच्याकडे एक कॉलेजचा मुलगा दर शनिवारी येऊन नोंदी संगणकावर भरायचा. दोन वर्षं आला. मुलांपैकी कोणाला त्याचं नाव माहीत नव्हतं. तो आला नसता तर कित्येक मुलांचे अहवाल बालकल्याण समितीपुढे (मुलाने कुठे राहायचं ते हीच समिती ठरवते) वेळेवर गेले नसते, म्हणजे त्यांचं घरी जाणंही लांबलं असतं. डॉक्टर, तुमच्या ताटाच्या प्रश्नाला माझं उत्तर तेच: पैसे द्यायचे तर मुलांना घरी पाठवण्याच्या कामाला द्या, आणि संस्थेला विचारा, यावर्षी किती मुलं घरी गेली. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली की समजायचं.

वाशीचा_दातवाला

हा प्रश्न आवडला. पण परदेशातली संस्था खरं सांगतेय हे मी वाशीत बसून कसं ताडणार? अजून पटलेलं नाही पूर्ण.

नौपाड्याची

कंपनीला फोन केला. किती मुलं घरी गेली विचारलं, तर पोरगी म्हणाली, "मॅडम, मुलं घरी गेली तर ॲक्टिव्हिटी कोणाबरोबर करणार?" पैसे परत मिळणार नाहीत. मुलगा चितवनला तीन दिवस जास्त राहील म्हणतोय, गेंडे बघायला. मुलांना गणित शिकवण्यात वाईट काही आहे असं मला अजून वाटत नाही, पण त्या पोरीचं बोलणं काही डोक्यातून जात नाहीये.