सुळा नेमका कुठला दात?

शब्दवेडा: डायसिनोडॉन्ट या नामशेष प्राण्यांवरचा मजकूर मराठीत करतोय. त्यातला डायिक्टोडॉन सुमारे २५.५ कोटी वर्षांपूर्वीचा, दक्षिण आफ्रिकेतल्या कारूचा. हातभर लांब, शाकाहारी, कासवासारखी चोच. काहींना वरच्या जबड्यात दोन लांब दात. मी 'सुळे' लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी खोडलं. सुळे मांसाहाऱ्यांनाच असतात म्हणे!

मिश्कील: मग हत्ती काय बोकड खातो?

दंतकथा: हत्तीचे सुळे म्हणजे वाढलेले पटाशीचे दात. याचे मात्र खरोखर सुळ्यांच्या जागचे. म्हणजे हत्तीपेक्षा यालाच हा शब्द जास्त शोभतो.

मिश्कील: माझा पटाशीचा दात वाकडा आला होता, त्यालाही आजी सुळाच म्हणायची. टोकदार तो सुळा, संपलं. शूल, सुळका, सुळा हे एकाच घरचे असावेत.

संस्कृतप्रेमी: शास्त्रीय मजकुरात 'रदनक' हवं. आणि गटाचं नावही मराठीत आणा की. इंग्रज शास्त्रज्ञ ओवेनने १८४५ मध्ये डायसिनोडॉन नाव दिलं, ग्रीकमध्ये अर्थ 'दोन श्वानदंतांचा'. द्वि, श्वन्, दंत हे त्या ग्रीक शब्दांचे सख्खे भाऊ. 'द्विश्वदंती' घ्या!

दंतकथा: आयुर्वेदात श्वदंष्ट्रा म्हणजे गोखरू ही वनस्पती. वाचक काढा करायला घेईल.

संस्कृतप्रेमी: थट्टेने परिभाषा घडत नाही.

मिश्कील: 'रदनक'ने तरी कुठे घडली? परीक्षा संपली की तो शब्दही नामशेष.

शब्दवेडा: बाईंनी पुढे 'सस्तनांचे सरीसृप पूर्वज' असंही घातलंय.

दंतकथा: दोन्ही चूक! हे सरीसृप नव्हेत, सस्तनांच्याच फांदीवरचे. पण पूर्वज नव्हेत. 'भाऊबंद' लिहा.

मिश्कील: भाऊबंद म्हटलं की मला कोर्टकचेरीच दिसते.

संस्कृतप्रेमी: 'सगोत्र'.

मिश्कील: लग्न लावायचंय का त्यांचं?

शब्दवेडा: डायिक्टोडॉन जमिनीत गोल फिरत उतरणारी बिळं खोदायचा, त्याला मी 'सर्पिल' लिहिलंय.

दंतकथा: सर्पिल म्हणजे कागदावर काढलेलं जिलबीसारखं वेटोळं. खाली उतरत जाणारं ते मळसूत्री. स्क्रूचे आटे बघा.

संस्कृतप्रेमी: सर्प काय कागदावरच सरपटतो?

शब्दवेडा: मंडळी, मजकूर उद्या द्यायचाय. सुळे ठेवू की काढू?

मिश्कील: थांबा हो, आधी जिलबीचं मिटू द्या.