मदत हवी आहे: युजर निघून गेला तरी क्वेरी चालूच राहते

आमचं वेब अ‍ॅप जॅंगोवर (पायथनचं फ्रेमवर्क) आहे: ते चालवायला गनिकॉर्न सर्व्हरचे ४ सिंक वर्कर (प्रत्येक जण एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळतो), पुढे ब्राउझरच्या रिक्वेस्ट घेणारा एनजिनएक्स, मागे पोस्टग्रेस १४ डेटाबेस. अंधेरीच्या ऑफिसातले सेल्सवाले लोकलमधून मोबाइलवर स्टॉक रिपोर्ट उघडतात. वाटेत रेंज गेली की पान अडकतं, मग ते पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतात. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये ४९९ च्या (उत्तराआधीच क्लायंटने कनेक्शन बंद केलं) ओळी दिसतात, पण आधीच्या क्वेऱ्या मागे चालूच. चारही वर्कर त्यात गुंतले की बाकीच्यांचं साधं लॉगिनही होत नाही, आणि ते बघून फार वाईट वाटतं.

स्टेटमेंट टाइमआउट (क्वेरीला मिळणारा कमाल वेळ) ३० सेकंद लावून पाहिला, पण महिनाअखेरचा खरा रिपोर्टच ४० सेकंद घेतो, तोही तुटला. क्लायंट_कनेक्शन_चेक_इंटरव्हल (क्वेरी चालू असताना क्लायंट अजून जोडलेला आहे का हे पोस्टग्रेसने तपासायची सेटिंग) लावलं, उपयोग शून्य. कारण उघड आहे: पोस्टग्रेसचा क्लायंट गनिकॉर्न, आणि तो तर जिवंतच असतो. इंडेक्स तपासून झालेत. रिफ्रेशचं बटण बंद केलं, तरी लोक ब्राउझरमधून करतातच.

सेलरी आणि रेडिस (लांबलचक कामं वेगळ्या रांगेत चालवायची साधनं) पुढच्या तिमाहीपर्यंत मिळणार नाहीत. बिल सेव्ह होणारी रिक्वेस्ट मात्र अर्ध्यात तुटता कामा नये, म्हणून उपाय फक्त रिपोर्टपुरता हवा.

एन्व्हायरनमधल्या (सर्व्हर जॅंगोला देतो ती रिक्वेस्टची माहिती) 'गनिकॉर्न.सॉकेट'वर, म्हणजे एनजिनएक्सकडून आलेल्या कनेक्शनवर, वेगळ्या थ्रेडमधून नजर ठेवायची आणि एनजिनएक्सने कनेक्शन बंद केलं की सायकोपीजी२ चं (पायथनचा पोस्टग्रेस ड्रायव्हर) कॅन्सल बोलवायचं, असं प्रॉडक्शनमध्ये कुणी चालवलंय का? कॅन्सल उशिरा पोचून त्याच कनेक्शनवरची पुढची क्वेरी मारली जाऊ नये, यासाठी काय केलंत?