थॉर्प, डॉर्फ आणि विन्थ्रॉप: तिन्ही एकच का?

नकाशावेडी:
इंग्लंडच्या नकाशात यॉर्कशर-लिंकनशरकडे 'थॉर्प'ची गावं पदोपदी भेटतात: स्कन्थॉर्प, क्लीथॉर्प्स, मेबलथॉर्प. नैर्ऋत्येकडे सरकलं की ती विरळ होत जातात. थॉर्प आडनावही आहेच, 1912च्या ऑलिम्पिकमधला जिम थॉर्प आठवा. हा शब्द जर्मन 'डॉर्फ'चा भाऊ का? आणि मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप, त्याच्या नावातलं 'थ्रॉप' यातच बसतं का?

मूळधातू:
तिन्ही एकाच कुळातले. इंग्रजीतल्या 'थ'च्या जागी जर्मनमध्ये 'ड' येतो, जसं थॉर्न आणि डॉर्न. आणि 'र'नंतरच्या 'प'चा 'फ' होतो, जसं शार्प आणि शार्फ. विन्थ्रॉपमध्ये फक्त 'र'ने स्वराच्या अलीकडे उडी मारली आहे. मूळ गाव विन्थॉर्प. नॉर्थ्रॉप, लॅथ्रॉप ही आडनावं तशीच घडली. जर्मनीतल्या वेस्टफालियातही हेच झालं: बोट्रॉप, वाल्ट्रॉप. नाझी परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपच्या आडनावाचा शेवटही तोच.

मला खरी गोडी वाटते ती अर्थाची. चौथ्या शतकातल्या गॉथिक (एक जुनी जर्मनिक भाषा) बायबलमध्ये 'थाउर्प' येतो तो शेतजमीन या अर्थाने. इंग्लंडच्या ज्या भागात डॅनिश लोक वसले तिथे थॉर्प म्हणजे बहुधा मोठ्या गावातून फुटून निघालेली वाडी, दुसऱ्या कुणाच्या तरी आधाराने उभी राहिलेली. म्हणून नावात मालक सापडतो. स्कन्थॉर्प ही स्कूमा नावाच्या माणसाची वाडी, 1086च्या डूम्सडे नोंदवहीत 'एस्कुमेटोर्प'. यॉर्कजवळच्या बिशपथॉर्पला आजही आर्चबिशपचा वाडा आहे. काही ठिकाणी नुसतं 'थॉर्प' म्हणूनही भागत असे, कारण शेजारच्या गावाला ती वाडी कुठली ते ठाऊक असायचं.

आडनावाचं गणित याच्या उलटं. थॉर्पमध्ये सगळेच थॉर्पचे, तिथे या नावाने कुणाला ओळखणार? तो माणूस दुसरीकडे राहायला गेला की शेजारी त्याला 'थॉर्पचा' म्हणू लागतात. म्हणून आडनाव दिसलं की तिथून कुणीतरी बाहेर पडलं होतं, एवढं धरून चाला.

उत्तरवारा:
मूळधातू, छान लिहिलंत, पण सगळं श्रेय डॅनिश लोकांना जाऊ नये. ग्लॉस्टरशरमधलं ॲडलस्ट्रॉप डेनलॉच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या डॅनिश अमलाखालच्या प्रदेशाच्या, बाहेर आहे, तरी त्यात 'थ्रॉप' आहे. थ्रप नावाची गावंही तशीच, आणि त्यावरून थ्रप आडनाव. म्हणजे जुन्या इंग्रजीत शब्द आधीपासूनच होता. डॅनिश वसाहतींमुळे पूर्वेकडे त्याचं पीक आलं. खुद्द डेन्मार्कमध्ये तो झिजून 'रुप' झाला: कास्ट्रुप, बॅलेरुप. स्वीडनमध्ये 'टोर्प' म्हणजे कुळाचं छोटं घर आणि जमिनीचा तुकडा, आणि तिथे राहणारा तो 'टोर्पारे'.

मूळधातू:
ॲडलस्ट्रॉपचा मुद्दा मान्य, तिन्ही एकाच कुळातले या माझ्या मांडणीला त्याने आधारच मिळतो. जर्मनीत मात्र अर्थ 'वाडी'वरून 'गाव' असा मोठा झाला. ड्यूसेल नदीकाठचं ड्यूसेलडॉर्फ 1288मध्ये शहर झालं, नावातलं डॉर्फ कायम राहिलं. डच 'डोर्प' तर दक्षिण आफ्रिकेत पोचला: ट्रान्सवालचा अध्यक्ष पॉल क्रुगर याच्या नावाचं क्रुगर्सडोर्प, 1887.

नकाशावेडी:
मग बेल्जियममधलं अँटवर्पही यातच?

उत्तरवारा:
नाही. डेन्मार्कच्या 'रुप'मागे जुन्या कागदांत 'थोर्प' लिहिलेला सापडतो. अँटवर्पच्या जुन्या रूपांत 'व' पक्का आहे, 'थ' किंवा 'त' त्या जागी येतच नाही. तिथलं 'वर्प' बहुधा नदीने गाळ टाकून केलेल्या जमिनीचं. शंका आली की आजचा उच्चार बाजूला ठेवा आणि सर्वांत जुनी नोंद शोधा.