मदत हवी आहे : रसायनांची मालगाडी घसरली, रेल्वे कंपनीच्या कागदावर सही करावी का?

पानगळ

नमस्कार. आमच्या घरामागून मालगाड्यांचा मार्ग जातो. मागच्या महिन्यात तिथे एका गाडीचे काही डबे घसरले, त्यांतल्या एका टाकीतून रसायन गळले आणि अग्निशमन दलाने मध्यरात्री दार ठोठावून आम्हाला घराबाहेर काढले. काही रात्री हॉटेलात काढाव्या लागल्या. आता रेल्वे कंपनीने गावातल्या चर्चच्या तळघरात मदत केंद्र उघडले आहे. तिथे हॉटेलच्या पावत्या दिल्या की धनादेश मिळतो, पण त्याआधी दोन पानी कागदावर सही करावी लागते. शुक्रवारपर्यंत सही केली नाही तर "नेहमीच्या प्रक्रियेने" अर्ज करावा लागेल, असे तिथल्या बाईंनी सांगितले. ही नेहमीची प्रक्रिया कोणती, ते त्यांनाही सांगता आले नाही.

माझा प्रश्न साधा आहे. सही करावी की नाही? आणि केली नाही तर या कंपनीला जबाबदार धरायचे कसे? घरात अजून गोडसर, प्लॅस्टिक तापल्यासारखा वास येतो. कृपया शुक्रवारच्या आत उत्तर द्यावे आणि "घर विकून टाका" हा सल्ला देऊ नये. तो सासऱ्यांकडून आधीच मिळाला आहे.

सदाशिवपेठी

प्रश्न साधा असेलही, पण माहिती अपुरी आहे. चर्चचे तळघर आणि हॉटेलचा खर्च यांवरून आपण अमेरिकेत असावात असा तर्क करतो. राज्य कोणते? रसायन कोणते? घर स्वतःचे की भाड्याचे? त्या दोन पानांवर नेमके काय लिहिले आहे? ते न सांगता सही करू का, असे विचारले तर उत्तर काय देणार?

मंजिरी_कोलंबस

मी वकील नाही. ओहायोत वकिलांच्या कार्यालयात कागदपत्रांचे काम करते. त्या अनुभवावरून सांगते. कागद केवळ "इतके पैसे मिळाले" अशी पावती असेल, तर सही करायला सहसा हरकत नसते. त्यात "या घटनेतून उद्भवलेले, ज्ञात आणि अज्ञात, आजचे आणि पुढचे सर्व दावे सोडत आहे" अशा अर्थाचे एक जरी वाक्य असेल, तर चारशे डॉलरच्या हॉटेलखर्चापायी तुम्ही घराची घसरलेली किंमत आणि उद्याचे आजारपण अशा दोन्हींवर पाणी सोडाल. हे वाक्य क्वचितच पहिल्या पानावर असते.

३ फेब्रुवारी २०२३ रोजी ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइन गावी नॉरफोक सदर्न कंपनीच्या गाडीचे ३८ डबे घसरले, त्यानंतर दोन्ही प्रकारचे कागद लोकांसमोर आले होते. गैरसोयीबद्दल दिलेल्या हजार डॉलरच्या धनादेशाने कोणाचाही हक्क जात नाही, असे कंपनीने जाहीरपणे सांगितले होते. मात्र घरातली हवा तपासायला आलेल्या लोकांच्या संमतीपत्रात सर्व दाव्यांतून मोकळे करणारे कलम निघाले. त्यावरून गदारोळ झाला, तेव्हा तो कागद चुकून दिला गेला असे म्हणत तो मागे घेण्यात आला. तेव्हा पैशाच्याच नव्हे, तपासणीच्या कागदावरही वाचल्याशिवाय सही करू नका.

जुना_गार्ड

मी मध्य रेल्वेत भुसावळ विभागात मालगाडीवर गार्ड म्हणून नोकरी केली. (आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. असो.) मूळ प्रश्न कागदाचा नसून चाकाचा आहे. ईस्ट पॅलेस्टाइनला एका डब्याचे बेअरिंग तापून निकामी झाले. रेल्वेच्या भाषेत याला हॉट ॲक्सल म्हणतात. आमच्याकडे गाडी यार्डात शिरताना सी अँड डब्ल्यूचे (डबे तपासणाऱ्या विभागाचे) लोक रुळाशेजारी उभे राहून प्रत्येक चाकाकडे पाहतात, आवाज ऐकतात आणि थांबल्यावर ॲक्सल बॉक्सचे, म्हणजे बेअरिंग असते त्या पेटीचे, तापमान घेतात. अमेरिकेत दीडशे डब्यांची गाडी दोघा-तिघांच्या भरवशावर धावते, शेवटच्या डब्यात माणूसच नसतो आणि सगळा भार बेअरिंगचे तापमान मोजणाऱ्या रुळाकाठच्या यंत्रांवर. माणूस परत आणा, म्हणजे हे प्रश्नच उद्भवणार नाहीत.

मंजिरी_कोलंबस

काका, आपला अनुभव मोलाचा आहे, पण पानगळ यांना शुक्रवारच्या आत कागदाचे ठरवायचे आहे. तरीही यंत्रांचा मुद्दा निघालाच आहे तर सांगते, कारण जबाबदारीची गाठ तिथेच आहे. त्या गाडीचे बेअरिंग सेलम गावाजवळच्या यंत्राने हवेच्या तापमानापेक्षा १०३ अंश फॅरनहाइट जास्त तापलेले नोंदवले. गाडी थांबवण्याची कंपनीची स्वतःची मर्यादा १७० अंशांची होती, म्हणून गाडी तशीच पुढे गेली. पुढचे यंत्र सुमारे २० मैलांवर, थेट ईस्ट पॅलेस्टाइनला होते. तिथे २५३ अंश आले, तोवर उशीर झाला होता. आता मेख अशी की, ही यंत्रे किती अंतरावर बसवावीत आणि किती तापमानाला गाडी थांबवावी, याबद्दल केंद्रीय नियमच नव्हता. त्यामुळे "आम्ही कोणता नियम मोडला ते दाखवा" असे म्हणायला कंपनी मोकळी राहते.

पानगळ

राज्य पेनसिल्व्हेनिया, पश्चिम भाग. घर स्वतःचे आहे. रसायन कोणते हे कोणी स्पष्ट सांगत नाही. "ज्वलनशील द्रव" एवढेच उत्तर मिळते. मी पुलावरून काढलेल्या छायाचित्रात टाकीवर लाल रंगाची, हिऱ्यासारखी चौकोनी पाटी दिसते. तिच्यावर २०५५ असा आकडा आणि खाली ३ आहे.

कागदाचे शीर्षक "खर्चाची परतफेड" असे आहे, त्यामुळे तो निरुपद्रवी वाटला होता. दुसऱ्या पानावरील चौथ्या कलमात, रक्कम स्वीकारणारी व्यक्ती "स्वतःच्या आणि घरातील सर्व सदस्यांच्या वतीने" कंपनी, तिचे कंत्राटदार आणि विमाकर्ते यांना या घटनेशी संबंधित मागण्यांतून मुक्त करते, असे लिहिले आहे. "संबंधित मागण्या" म्हणजे हॉटेलचा खर्च की सगळेच?

टाकीतले_वादळ

मी रसायन अभियंता आहे. २०५५ म्हणजे स्टायरीन, प्लॅस्टिक बनवण्यासाठी वापरतात तो द्रव. ते वाहून नेताना त्यात रोधक मिसळलेला असतो. तो संपला किंवा टाकी तापली तर स्टायरीनचे रेणू आपोआप एकमेकांना जोडले जातात, त्यातून आणखी उष्णता निघते आणि दाब वाढत जातो. सप्टेंबर २०२४ मध्ये सिनसिनाटीजवळच्या व्हाइटवॉटर टाउनशिपमध्ये स्टायरीनच्या एका डब्यातून वाफ सुटू लागली, तेव्हा अर्ध्या मैलाच्या परिघातल्या लोकांना हलवले होते. तुमच्याकडे मध्यरात्री दार वाजले ते बहुधा याच भीतीने.

वास येतो म्हणजे विष आहेच असे नाही, कारण स्टायरीनचा वास अगदी कमी प्रमाणातही येतो. पण "हातातले यंत्र फिरवले, शून्य आले" या उत्तरावरही समाधान मानू नका. ते यंत्र अनेक वाफांची एकत्र गोळाबेरीज दाखवते आणि फार कमी प्रमाण त्याला कळतही नाही. निर्वात केलेल्या पोलादी डब्यात घरातली हवा भरून ती प्रयोगशाळेत पाठवावी लागते, आणि ही प्रयोगशाळा कंपनीने निवडलेली नसावी. माझा आग्रह आहे की वकिलाआधी चाचणी करून घ्या. खिडक्या उघडून घर हवेशीर केलेत की तो पुरावा उडून गेला.

सदाशिवपेठी

म्हणजे पुराव्यासाठी त्यांनी खिडक्या लावून बसायचे? घरात मुले आहेत का, हे तरी आधी विचारा.

टाकीतले_वादळ

नमुना घेण्यापूर्वी काही तास खिडक्या बंद ठेवून घराबाहेर जायचे असते, आत बसायचे नसते. मी तसे लिहायला हवे होते हे मान्य, पण विपर्यास करू नये.

अपरान्त

या धाग्यावर कोणी भारतीय कायद्याचा उल्लेखही केला नाही याचे आश्चर्य वाटते. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियमची (तीव्र गंधकाम्लाची) गळती झाली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण दायित्वाचे तत्त्व मांडले : घातक व्यवसाय करणाऱ्याने काळजी घेतली होती की नाही हा प्रश्नच उरत नाही, अपाय झाला की भरपाई द्यायचीच. राष्ट्रीय हरित अधिकरणाच्या २०१० च्या कायद्यातही दोष सिद्ध न करता भरपाईची तरतूद आहे. आपल्याकडे रेल्वे कायद्याच्या १२४ व्या कलमातली भरपाई मुख्यतः प्रवाशांसाठी आहे, रुळाशेजारी राहणाऱ्यांसाठी नाही, ही उणीव मात्र खरी.

मंजिरी_कोलंबस

माहिती उत्तम, पण पेनसिल्व्हेनियातल्या माणसाला हरित अधिकरणात जाता येत नाही. भारतातूनच उदाहरण घ्यायचे तर भोपाळचे घ्यावे, कारण ते या कागदाला थेट लागू पडते. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि प्रकरण मिटले असे धरले गेले. पीडितांची संख्या आणि आजारांचे स्वरूप नंतर उलगडत गेले, तरी वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. एकदा मिटवलेले प्रकरण पुन्हा उघडणे सरकारलाही जमले नाही, तिथे पानगळ यांना जमेल असे मानू नये.

जुना_गार्ड

या वकिली मार्गाने शिक्षा कोणाला होते ते सांगा. कॅनडात लॅक-मेगँटिकला जुलै २०१३ मध्ये कच्च्या तेलाची गाडी उतारावरून सुटली आणि ४७ माणसे जळून मेली. खटला भरला तो चालक, नियंत्रक आणि पर्यवेक्षक यांच्यावर, आणि २०१८ मध्ये ते निर्दोष सुटले. ज्यांनी ती गाडी एकट्या माणसावर सोपवायला मान्यता दिली, त्यांच्या अंगाला काय लागले?

मंजिरी_कोलंबस

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. त्या कंपनीकडे जेमतेम अडीच कोटी कॅनडियन डॉलरचा दायित्व विमा होता आणि ती दिवाळखोरीत गेली. पीडितांसाठी सुमारे ४५ कोटींचा निधी उभा राहिला तो इतर अनेक कंपन्यांनी मिळून भरला म्हणून. ईस्ट पॅलेस्टाइनची कंपनी मात्र धनवान होती. सामूहिक दाव्यात ६० कोटी डॉलर, केंद्र सरकारशी ३१ कोटींहून अधिकची तडजोड, त्यात स्वच्छ पाणी कायद्याखाली दीड कोटींचा दंड. अपघातानंतर सिनेटमध्ये दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून आणलेले रेल्वे सुरक्षा विधेयक मात्र मंजूर झालेच नाही. म्हणजे पैसे वसूल झाले, कायदा तसाच राहिला.

सदाशिवपेठी

आणि त्या ६० कोटींपैकी १६ कोटी २० लाख वकिलांच्या शुल्कात गेले, तेही लिहा.

मंजिरी_कोलंबस

लिहिते, आणि त्यापुढचेही लिहिते. दहा मैलांच्या आत राहणाऱ्या ज्यांनी त्या तडजोडीतून शारीरिक इजेपोटी ऐच्छिक रक्कम घेतली, त्यांनी पुढे उद्भवणाऱ्या आजारांचा दावाही सोडला. वकील असो वा नसो, कलम तेच असते.

आता पानगळ यांच्यासाठी. चौथे कलम आहे तसे ठेवून सही करू नका. केंद्रात जाऊन लेखी मागा की ही रक्कम केवळ जोडलेल्या पावत्यांपुरती असून तिने दुसरा कोणताही दावा सोडला जात नाही. शुक्रवार ही कंपनीची तारीख आहे, कायद्याची नाही. पेनसिल्व्हेनियात शारीरिक इजा आणि मालमत्तेचे नुकसान यांच्या दाव्याला साधारणपणे दोन वर्षांची मुदत असते. काउंटीच्या वकील संघटनेत फोन केला तर पहिल्या सल्ल्यासाठी अल्प शुल्कात वकील सुचवतात. त्या वकिलाकडून आधी भरपाईची नव्हे, पुरावा जपण्याची नोटीस पाठवा. इंजिनावरचे नोंदयंत्र, कॅमेरे आणि रुळाकाठच्या यंत्रांवरील आकडे हे सगळे कंपनीच्या ताब्यात असते आणि इंजिनावरच्या नोंदी जुन्यांवर नव्या चढत जातात.

कंपनीला तिचे अहवालही सरकारकडे द्यावे लागतात. अपघाताचा अहवाल केंद्रीय रेल्वे प्रशासनाकडे, तो महिना संपल्यावर ३० दिवसांत. घातक पदार्थाच्या गळतीचा अहवाल पाइपलाइन आणि घातक पदार्थ सुरक्षा प्रशासनाकडे, गळती कळल्यापासून ३० दिवसांत. दोन्हींची माहिती जनतेला संकेतस्थळावर पाहता येते. रसायनाचे नाव तिथे लपवता येत नाही.

टाकीतले_वादळ

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालाची वाट पाहणे अधिक बरे नाही का? ईस्ट पॅलेस्टाइनला व्हायनिल क्लोराइड या ज्वलनशील रसायनाच्या पाच टाक्या स्फोटाच्या भीतीने मुद्दाम फोडून पेटवल्या, त्याची गरज नव्हती, हे जून २०२४ मध्ये त्या मंडळानेच सांगितले. टाकीत धोकादायक प्रक्रिया सुरू नसल्याचे उत्पादक कंपनीचे मत निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोहोचलेच नव्हते. याहून भक्कम पुरावा कोणता?

मंजिरी_कोलंबस

भरपाईच्या दाव्यात मंडळाचा निष्कर्षाचा अहवाल पुरावा म्हणून दाखल करता येत नाही, अशी कायद्यातच तरतूद आहे. तपासनीसांनी नोंदवलेली वस्तुस्थिती वापरता येते, कारणमीमांसा नाही. शिवाय त्या अहवालाला सोळा-सतरा महिने लागले, आणि प्रत्येक लहान अपघाताचा तपास मंडळ करतेच असे नाही. दोन वर्षांची मुदत मात्र चालूच राहते.

नियम मोडला नाही म्हणून दावाच चालत नाही, हा बचावही अभेद्य नाही. २००२ मध्ये नॉर्थ डकोटातल्या मायनॉटला अमोनियाची गाडी घसरली, तेव्हा न्यायालयांनी केंद्रीय कायद्यापुढे राज्याचा कायदा चालत नाही असे म्हणत पीडितांचे दावे काढून टाकले. त्यानंतर २००७ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून स्पष्ट केले की, केंद्रीय मानकाचे, किंवा केंद्रीय नियमानुसार कंपनीने स्वतःच केलेल्या आराखड्याचे वा नियमाचे पालन झाले नसेल, तर राज्याच्या कायद्याखाली दावा चालतो. म्हणून कंपनीची अंतर्गत नियमपुस्तिका मागवणे महत्त्वाचे.

पानगळ

सर्वांचे आभार. आज केंद्रात गेलो होतो. चौथे कलम खोडून सही करतो म्हटल्यावर त्या बाईंनी वरिष्ठांना फोन लावला आणि थोड्या वेळाने कपाटातून दुसरा, एकपानी कागद काढून दिला. त्यात फक्त पावत्यांची यादी आणि रक्कम आहे. हा कागद आधीच का दिला नाही, याचे उत्तर मिळाले नाही. अजून सही केलेली नाही. हवेच्या नमुन्यासाठी प्रयोगशाळेशी बोललो आहे आणि सोमवारी वकिलांची वेळ मिळाली आहे.

मुले दोन आहेत, आठ आणि पाच वर्षांची. आधीच्या कागदातले "घरातील सर्व सदस्य" त्यांनाही लागू झाले असते का?

मंजिरी_कोलंबस

हे सोमवारी वकिलांना सर्वांत आधी विचारा. पेनसिल्व्हेनियात अल्पवयीन मुलाच्या दाव्याची मुदत ते १८ वर्षांचे झाल्यावर मोजायला सुरुवात होते. त्यामुळे मुलांच्या दाव्याला बराच अवकाश आहे आणि तो तुमच्या सहीत गुंतवू नये. एकपानी कागदाच्या मागच्या बाजूला काही छापलेले आहे का, तेही पाहून घ्या.

पानगळ

मागची बाजू कोरी आहे. धनादेशाच्या मागे मात्र सहीच्या जागेवर बारीक अक्षरांत दोन ओळी आहेत. चष्मा लावून वाचतो आणि इथे लिहितो.